तीन वाजताची खिडकी

हुडीची नाडी काढून घेतली, बुटांच्या लेसही.
नर्स याल्मारीनं सगळं कागदी पिशवीत घालून
वर सैमीचं नाव लिहून माझ्या हातात दिलं,
दुकानदारानं मोड परत द्यावी तसं.
"दर मंगळवारी यायचं. सगळ्यांनी. धाकट्यानंही."
उर्हो नऊ वर्षांचा आहे, मी म्हणालो.
"मग तर तो हवाच."

केमी ते ओउलू, शंभर किलोमीटर.
मला पाठ आहे हा रस्ता, पण रात्रीचा.
मी बर्फ सारतो. नोव्हेंबर ते एप्रिल,
पुढं पातं, टपावर फिरता पिवळा दिवा,
लोक उठायच्या आत रस्ता मोकळा.
दिवसा तुइरे चालवते, मी शेजारी
पाय आखडून, उगाच ब्रेक दाबत.

गोल मांडलेल्या सात खुर्च्या. टेबल नाही.
टेबल नसलं की हातांचं काय करायचं कळत नाही.
मी यादी नेली होती: शाळा, फोन, ती मैत्रीण,
डिसेंबरातला अंधार, माझ्या आईकडचं रक्त.
बिघाड शोधता येतो मला. इंजिनात तरी.
लेहतोलाबाईंनी यातलं काहीच लिहून घेतलं नाही.
आमच्यासमोरच शेजारच्या तरुणाला म्हणाल्या,
जणू आम्ही भिंतीपलीकडे आहोत:
"मला वाटतं, या घरात सगळे एकमेकांना झोपू देतात."
तो म्हणाला, "आणि झोपत कुणीच नाही."

दुसऱ्या मंगळवारी तुइरेनं माफी मागितली.
कशाची, ते कुणी विचारलं नाही.
तिसऱ्या मंगळवारी सैमी आलीच नाही खोलीतून.
रिकाम्या खुर्चीला धरून आम्ही तास भरला.
उर्हो पाय हलवत होता. मध्येच म्हणाला,
"ती रात्री चालते. जिन्याजवळची फळी करकरते.
मी मोजतो.
एकदा एकशेचाळीस झाले."

एकशेचाळीस.
परतताना गाडीत कुणी रेडिओ लावला नाही.

पाचव्या की सहाव्या मंगळवारी
ती जमिनीकडे बघत बोलली:
"बाबा, तीनला तुझा ट्रक यायचा.
पातं घासल्याचा आवाज चर्चपासूनच ऐकू यायचा.
मी दिवा लावायचे."

दिसायचा मला, मी म्हणालो.
मला वाटायचं, पोरगी अभ्यास करतेय.
डेपोत सांगितलंही होतं मी चहा पिताना,
छाती फुगवून: तीन-तीन वाजेपर्यंत वाचते आमची.

ती हसली. एवढंसं.
"तू थांबशील म्हणून लावायचे."

या वेळी ते दोघं एकमेकांशी काहीच बोलले नाहीत.
याल्मारीनं खिडकी किलकिली केली, तिथल्या खिडक्या
जेवढ्या उघडतात तेवढीच: चार बोटं.

शुक्रवारी दोन रात्रींसाठी घरी सोडलं.
सुऱ्या, कात्री, माझ्या पाठीच्या गोळ्या,
सगळं ट्रकच्या पेटीत, किल्ली माझ्या गळ्यात.
तुइरेनं बोळात गादी टाकली, करकरत्या फळीवरच.
मला ड्यूटी होती. बर्फ थांबत नव्हता.

तीनला चर्चचं वळण.
दिवा होता.
पातं उचललं, इंजिन चालू ठेवलं,
तुइरेला ओलांडून स्वयंपाकघरात गेलो.
ती डोळे मिटून होती, झोपल्यासारखी. आम्हाला हे जमतं.

"काय झालं?" सैमीनं विचारलं.
काही नाही. थांबलो.

राईची भाकरी हातानंच तोडली,
लोणी चमच्यानं फासलं.
पिवळा दिवा भिंतीवरून, तिच्या गालावरून,
फ्रिजवरून फिरत राहिला.
बोललो नाही विशेष. ती म्हणाली,
बुटांचं पाणी झालंय खाली, बघ.
बाहेर वायरलेसवर कुणी विचारत होतं:
चार नंबर, कुठं आहेस? चार नंबर?
मागं मी साफ केलेला रस्ता पुन्हा पांढरा होत होता.

मंगळवारी विचारायचं आहे,
उद्या विचारता येत नाही म्हणून मंगळवारी,
सगळ्यांच्या समोर, हात मांडीवर ठेवून:
ज्या रात्री मी गेलो
आणि खिडकीत दिवा नव्हता,
त्या रात्री?